यष्टीमागचा राखणदार
(जनार्दन ज्ञानोबा नवले यांची जीवनकथा)

मंडळीच्या मासिकात क्रिकेटच्या खेळाडूचे चरित्र कशाला, असे एखादे वडील विचारतील. प्रश्न रास्त आहे. ज्यांची कथा पुढे सांगणार आहे ते ख्रिस्ती नव्हते, किंवा धर्मकार्याबद्दल त्यांची ख्याती होती असेही नाही. ते खेळाडू होते. त्यातही मैदानावरील त्यांची जागा अशी होती की प्रेक्षकांची नजर तिथे सहसा ठरत नाही. पण प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिताना शर्यतीत धावणाऱ्यांचा आणि मुष्टियुद्ध करणाऱ्यांचा दाखला घेतला, तेव्हा तेही मूर्तिपूजकांच्या आखाड्यातलेच होते. शिकण्यासारखे जिथे असेल तिथून शिकावे, ही रीत आपल्याला पवित्र शास्त्रानेच घालून दिली आहे.

आमच्या माधवगंजात सायंकाळी गल्लोगल्ली मुले क्रिकेट खेळताना दिसतात. ग्वाल्हेरच्या रूपसिंग मैदानावर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने एकदिवसीय सामन्यात २०० धावा केल्या, हे त्यांतील लहान मुलालाही पाठ आहे. त्या डावाच्या शेवटी दुसऱ्या टोकाला महेंद्रसिंग धोनी नाबाद उभा होता. तो भारताचा कर्णधार आणि यष्टिरक्षकही होता. आज यष्टिरक्षकाला असा मान आहे. परंतु या देशाचा पहिला कसोटी यष्टिरक्षक कोण, असे विचारले तर फारच थोडे जण उत्तर देऊ शकतील. तो मराठी माणूस होता. त्याचे नाव जनार्दन ज्ञानोबा नवले.

ज्या वाचकांना, विशेषतः भगिनींना, या खेळाची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी यष्टिरक्षकाचे काम थोडक्यात सांगतो. फलंदाजाच्या मागे तीन काठ्या रोवलेल्या असतात, त्यांना यष्टी म्हणतात. त्या यष्टींच्या मागे हातात चामड्याचे मोजे घालून जो खेळाडू बसतो तो यष्टिरक्षक. गोलंदाजाचा प्रत्येक चेंडू तो आपल्याचकडे येणार असे समजून वाकतो, उठतो, पुन्हा वाकतो. फलंदाजाने चेंडू टोलवला तर त्या वेळची त्याची तयारी वाया जाते. टोलवला नाही तर चेंडू अडवणे त्याच्या हाती असते. चेंडूने बॅटची नुसती कड घेतली तर तो झेलायचा, फलंदाज रेषेच्या पुढे सरकला तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच यष्टी उडवायच्या, आणि मैदानाच्या कोणत्याही कोपऱ्यातून फेकलेला चेंडू यष्टींजवळ येऊन घ्यायचा. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यातही फलंदाजाच्या मागे असाच एक गडी बसतो आणि आलेला चेंडू झेलतो. म्हणजे हे काम कोणत्याही देशात सारखेच कष्टाचे.

आता या कामातील एक गोष्ट लक्षात घ्या. यष्टिरक्षकाच्या हातून चेंडू निसटला आणि प्रतिपक्षाने धावा काढल्या, तर त्या धावा 'बाय' म्हणून धावफलकावर लागतात आणि सगळे जग त्या पाहते. पण दिवसभरात त्याने जे शेकडो चेंडू अडवले त्यांची नोंद कुठेच होत नाही. त्याच्या चुकीला आकडा असतो, त्याच्या चोख कामाला आकडा नसतो. नवले यांचे चरित्र समजून घ्यायचे तर हे ध्यानात ठेवावे लागते.

नवले यांचा जन्म ७ डिसेंबर १९०२ रोजी पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे झाला. फुलगाव हे भीमेच्या परिसरातील खेडे. त्या काळी पुण्यात लष्करातील गोऱ्या साहेबांमुळे क्रिकेट रुजले होते आणि शहरातील तरुणांनीही तो खेळ उचलला होता. नवले यांची शरीरयष्टी लहानखुरी होती, पण अंगात चपळाई विलक्षण. यष्टींच्या मागे बसणाऱ्याला उंचीपेक्षा नजर आणि हात लागतात. त्या दोन्ही गोष्टी देवाने त्यांना भरपूर दिल्या होत्या.

त्या काळचे मोठे क्रिकेट म्हणजे मुंबईचे चौरंगी सामने. इ. स. १९१२ पासून युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ त्यांत खेळत. संघ धर्मावरून पडलेले होते. आज हे ऐकून नवल वाटेल, परंतु त्या काळी हजारो लोक हे सामने पाहण्यासाठी मुंबईच्या मैदानावर गर्दी करीत. पुढे १९३७ मध्ये 'इतर' नावाचा पाचवा संघ त्यात आला. हिंदी ख्रिस्ती खेळाडूंना त्यातून जागा मिळाली आणि सांगलीचे विजय हजारे त्याच संघातून गाजले. धर्मावर संघ पाडण्याच्या या पद्धतीला महात्मा गांधींनी १९४० मध्ये विरोध दर्शवला, आणि १९४६ मध्ये ते सामने कायमचे बंद झाले.

या चौरंगी सामन्यांत नवले हिंदू संघाकडून उतरले तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. सोळा वर्षांचा मुलगा, आणि समोर युरोपियन संघातील पट्टीचे खेळाडू. तरीही त्यांनी आपली जागा पक्की केली. ज्या हिंदू संघात पळवणकर बाळू यांच्यासारख्या थोर गोलंदाजाला केवळ जातीमुळे कर्णधारपद नाकारले गेले, आणि पुढे १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते मिळाले, तोच हा संघ. विठ्ठल कर्णधार होते त्या वर्षांत यष्टींच्या मागे नवले बसत. सी. के. नायडू, दि. ब. देवधर यांच्यासारखे फलंदाज त्या काळात पुढे आले आणि त्यांची नावे घरोघर पोहोचली. त्यांच्या धावा लोक मोजत असत. नवले यांचे काम त्याच मैदानावर, पण मोजणीच्या बाहेर चालू होते. तरी जाणकारांना ते दिसत होते. १९२० नंतरच्या दशकात हिंदुस्थानातील उत्तम यष्टिरक्षकांची नावे घेताना नवले यांचे नाव आरंभीच येई.

१९३२ साल उजाडले. त्या वर्षी हिंदुस्थानचा संघ प्रथमच अधिकृत कसोटी सामना खेळण्यासाठी इंग्लंडला जायचा होता. देशातील वातावरण तापलेले होते. सविनय कायदेभंगाची चळवळ पुन्हा सुरू झाली होती आणि गांधीजी पुण्याजवळ येरवड्याच्या तुरुंगात होते. हजारो देशभक्त तुरुंगात असताना साहेबाच्या देशात खेळायला जाणे योग्य नाही, असे म्हणून विजय मर्चंट आणि एल. पी. जय यांच्यासारखे चांगले खेळाडू घरीच राहिले. जे गेले त्यांनाही कमी लेखण्याचे कारण नाही. आपणही बरोबरीने खेळू शकतो हे इंग्रजांना त्यांच्याच अंगणात दाखवून द्यावे, असे मानणारेही पुष्कळ होते.

संघाचे कर्णधार म्हणून पोरबंदरचे महाराज गेले होते. संस्थानिकाशिवाय कर्णधार नाही, अशीच त्या काळची समजूत होती. परंतु महाराजांना आपल्या खेळाची मर्यादा ठाऊक होती. त्यांनी कसोटीच्या दिवशी मोठ्या मनाने बाजूला होऊन नायडूंना संघ पुढे नेऊ दिला. अधिकार हाती असताना योग्य माणसाला वाट करून देणे हा गुण दुर्मीळ आहे, म्हणून त्याचा उल्लेख इथे करणे उचित वाटते.

त्या दिवशी मैदानात उतरलेल्या अकरा जणांची नावे पाहिली की मन भरून येते. नायडू, नवले, कराचीचे नाऊमल जेऊमल आणि सौराष्ट्राचे अमरसिंग हे चार हिंदू. वझीर अली आणि नझीर अली हे बंधू, जहांगीर खान आणि महंमद निसार हे चार मुसलमान. कोला आणि पालिया हे दोन पारशी. आणि दूर मलायातून आलेले लालसिंग हे शीख. मुंबईच्या मैदानावर जे धर्माच्या नावाने एकमेकांविरुद्ध उभे राहत, ते इथे खांद्याला खांदा लावून उभे राहिले. या अकरांत मराठी घरात जन्मलेले एकटे नवले होते.

सामना लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर शनिवार, २५ जून १९३२ रोजी सुरू झाला. इंग्लंडने प्रथम फलंदाजी घेतली. सलामीला आले सटक्लिफ आणि होम्स. या जोडीने केवळ दहा दिवसांपूर्वी यॉर्कशायर परगण्याकडून पहिल्या गड्यासाठी ५५५ धावांची भागी रचून जागतिक विक्रम केला होता. हिंदी गोलंदाजांचा त्यांच्यापुढे काय टिकाव लागणार, असेच सर्वांना वाटत होते. पण निसार यांच्या वेगाने दोघांच्याही यष्टी उडाल्या. सटक्लिफ ३ धावांवर गेले, होम्स ६ धावांवर. पाठोपाठ अनुभवी वुली लालसिंग यांच्या चपळाईमुळे धावबाद झाले. इंग्लंडच्या १९ धावा आणि तीन गडी बाद! लॉर्ड्सवर सन्नाटा पसरला.

अशा वेळी इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन खेळायला आला. जार्डिनचा जन्म मुंबईचा, मलबार हिलवरचा. स्वभावाने तो मोठा हट्टी होता. त्याच वर्षाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात फलंदाजांच्या अंगावर चेंडू टाकण्याचे जे डावपेच त्याने लढवले, त्यावरून दोन देशांत कटुता आली. त्या दिवशी मात्र तो आपल्या संघाची पडझड थांबवण्यासाठी पाय रोवून उभा राहिला. प्रथम हॅमंडबरोबर आणि पुढे एम्सबरोबर त्याने डाव सावरला. ७९ धावांपर्यंत तो पोहोचला. तेव्हा नायडूंच्या एका चेंडूवर त्याचा झेल उडाला आणि यष्टींच्या मागे नवले यांनी तो अचूक टिपला. नवले यांचा कसोटी क्रिकेटमधील हा पहिला झेल. मुंबईत जन्मलेला इंग्रज कर्णधार फुलगावच्या माणसाच्या हातात सापडला, असा हा योग.

या झेलाचे मोल सामना संपल्यावर कळले. दुसऱ्या डावात जार्डिन बादच झाला नाही, तो ८५ धावांवर नाबाद राहिला. म्हणजे त्या संपूर्ण कसोटीत जार्डिनला बाद करणे हिंदुस्थानला एकदाच साधले, आणि ते नायडू आणि नवले यांनी मिळून साधले.

इंग्लंडचा डाव २५९ धावांत आटोपला. निसारने पाच गडी बाद केले. शंभरावर षटके टाकली गेली होती, म्हणजे सहाशेहून अधिक चेंडू झाले होते. प्रत्येक चेंडूला नवले वाकले होते आणि उठले होते. निसार त्या काळच्या अतिवेगवान गोलंदाजांपैकी एक, आणि अमरसिंगचा चेंडू जमिनीवर पडल्यावर कुठे वळेल याचा नेम नसे. असे चेंडू दिवसभर झेलून हातांची काय अवस्था होत असेल! त्या काळचे मोजे पातळ असत. काही इंग्रज यष्टिरक्षक तळहाताला मार बसू नये म्हणून मोज्याच्या आत कच्च्या मांसाचा तुकडा ठेवीत, यावरून कल्पना करावी.

इतके झाल्यावर कोणीही म्हणेल की आता या माणसाने थोडा विसावा घ्यावा. पण नवले हे सलामीचे फलंदाजही होते. पायांवरचे पॅड फक्त बदलायचे आणि पुन्हा मैदानात यायचे. नाऊमल यांच्याबरोबर ते खेळायला उतरले आणि कसोटी क्रिकेटमध्ये हिंदुस्थानकडून पहिला चेंडू खेळण्याचा मान त्यांना मिळाला. समोर उंचापुरा बोज गोलंदाजी करीत होता. या देशाच्या कसोटी फलंदाजीची सुरुवात त्या एका चेंडूपासून झाली. त्यानंतर जी जी शतके झाली आणि जे जे विक्रम झाले ते सगळे त्याच्या मागून आले.

संध्याकाळी खेळ थांबला तेव्हा एकही गडी बाद झालेला नव्हता. नवले आणि नाऊमल नाबाद परतले. दुसरा दिवस रविवार. त्या काळी इंग्लंडमध्ये प्रभूच्या दिवशी कसोटी सामना खेळत नसत, म्हणून रविवारी विश्रांती होती. सोमवारी खेळ पुढे सुरू झाल्यावर नवले १२ धावांवर बोजच्या चेंडूने त्रिफळाचीत झाले. पहिल्या गड्यासाठी ३९ धावा झाल्या होत्या. हिंदुस्थानचा डाव १८९ धावांत संपला. हाताला दुखापत झालेली असतानाही नायडूंनी सर्वाधिक ४० धावा काढल्या.

इंग्लंडने दुसऱ्या डावात ८ बाद २७५ वर डाव सोडला. याही वेळी शंभराहून अधिक षटके झाली आणि नवले पुन्हा यष्टींच्या मागे तितकेच चेंडू वाकत राहिले. मग पुन्हा सलामीला आले, १३ धावा केल्या आणि पायचीत झाले. याही वेळी पहिली जोडी ४१ धावांपर्यंत टिकली होती. पुढे पडझड झाली. अमरसिंग यांनी ५१ धावांची धडाकेबाज खेळी केली, लालसिंग यांनी त्यांना साथ दिली, तरी हिंदुस्थानचा डाव १८७ वर संपला आणि इंग्लंडने १५८ धावांनी सामना जिंकला.

धावफलकावर नवले यांच्या नावापुढे १२, १३ आणि एक झेल इतकेच दिसते. एखादा म्हणेल, यात विशेष काय? विशेष हे की तीन दिवसांत बाराशेहून अधिक चेंडूंना सज्ज राहून, दोन्ही डावांत नव्या चेंडूचा पहिला मारा अंगावर घेऊन, त्यांनी पुढच्यांना थोडी उसंत मिळवून दिली. हे जाणणारे इंग्रज जाणकार होते. त्यांच्या क्रिकेटच्या वार्षिकाने त्या दौऱ्याचा आढावा घेताना नवले यांना पहिल्या प्रतीचा आणि अत्यंत चपळ यष्टिरक्षक मानले.

पुढच्या वर्षी, डिसेंबर १९३३ मध्ये, हिंदुस्थानात पहिली कसोटी झाली, ती मुंबईच्या जिमखाना मैदानावर. इंग्लंडचा कर्णधार जार्डिनच होता. लाला अमरनाथ यांनी ११८ धावा काढून देशाचे पहिले कसोटी शतक झळकावले. नवले यांच्या १३ आणि ४ धावा झाल्या. इंग्लंडने सामना नऊ गडी राखून जिंकला. त्यानंतर कलकत्त्याच्या कसोटीत दिलावर हुसेन यांना यष्टिरक्षक म्हणून घेतले गेले. त्यांनी ५९ आणि ५७ धावा काढल्या, तेव्हा त्यांची निवड चुकीची होती असे कोणी म्हणणार नाही. पण नवले यांचा कसोटीतील अध्याय तिथेच मिटला. दोन कसोटी, चार डाव, एकूण ४२ धावा. त्यांचे वय तेव्हा एकतीस होते.

१९३४ मध्ये रणजी करंडकाचे सामने सुरू झाले. नवले त्यांत मध्य हिंदुस्थान आणि होळकर या संघांकडून खेळले. आमच्या ग्वाल्हेर संस्थानचा संघ त्या स्पर्धेत १९४३-४४ मध्ये एकदाच उतरला, आणि ग्वाल्हेरकडून खेळणाऱ्यांतही नवले यांचे नाव आहे. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. चाळिशीनंतर यष्टींच्या मागे वाकणे म्हणजे गुडघ्यांची परीक्षाच. लॉर्ड्सवर देशाचा पहिला चेंडू खेळलेला हा माणूस अशा रीतीने आमच्या गावाच्या नावाशी जोडला गेला आहे, हे इथल्या खेळणाऱ्या मुलांना कोणीतरी सांगायला हवे.

खेळ थांबला आणि मग पोटाचा प्रश्न उभा राहिला. त्या काळी क्रिकेट खेळून घर चालत नसे. राजेमहाराजांच्या आश्रयाने काहींचे भागले, पण संस्थाने विलीन झाल्यावर तो आश्रयही सरला. आज क्रिकेट मंडळ जुन्या कसोटीवीरांना दरमहा मानधन देते. नवले यांच्या हयातीत तशी काही सोय नव्हती. त्यांचे उतारवय पुण्यात ओढगस्तीत गेले. दोन खोल्यांच्या घरात ते राहत. देशाच्या पहिल्या यष्टिरक्षकाने साखर कारखान्यावर पहारेकऱ्याची नोकरी केली. तरुणपणी यष्टी राखल्या, म्हातारपणी फाटक राखले. काम एकच, जागे राहण्याचे. फरक इतकाच की लॉर्ड्सवर निदान त्यांचे नाव छापलेले होते. फाटकातून आत-बाहेर जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की हा म्हातारा कोण आहे?

७ सप्टेंबर १९७९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय ७६ वर्षांचे होते.

प्रिय वाचकहो, उपदेशकाच्या नवव्या अध्यायात एका लहान नगराची गोष्ट आहे. त्या नगराला बलाढ्य राजाने वेढा घातला. नगरात एक गरीब शहाणा मनुष्य होता. त्याने आपल्या शहाणपणाने नगर वाचवले. पण नंतर त्या गरीब मनुष्याची कोणी आठवणही ठेवली नाही. शास्त्रलेखकाने ही गोष्ट सांगताना त्या नगरवासीयांना दोष दिलेला नाही, नुसती हकिकत सांगितली आहे. ती वाचून ज्याने त्याने आपल्या नगराकडे पाहावे, अशी त्याची इच्छा असावी.

याच्या उलट चित्र पहिले इतिहास या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात आहे. आपण वाचताना तो अध्याय बहुधा गाळून पुढे जातो, कारण त्यात नावांची लांबलचक यादी आहे. ही यादी द्वारपाळांची आहे. मंदिराच्या उंबरठ्यांवर पहारा करणारे २१२ जण होते, असे त्यात लिहिले आहे. त्यांच्या प्रमुखांची नावे आहेत, ते कोणत्या दिशेला उभे राहत ते आहे, रात्रभर ते देवाच्या मंदिराभोवती राहत आणि रोज सकाळी दरवाजे उघडत हेही आहे. राजांच्या आणि याजकांच्या बरोबरीने फाटकावरच्या माणसांची नोंद ठेवणे देवाच्या लोकांना आवश्यक वाटले. यष्टिरक्षकाने अडवलेले चेंडू जगाच्या वहीत लिहिले जात नाहीत, पण अशी एक वही आहे की जिच्यात पहारेकऱ्यांचीही नावे लिहिली जातात. आणि का लिहू नयेत? आपला देव स्वतःच आपला राखणदार आहे, तो झोपत नाही आणि डुलकीही घेत नाही, असे एकशे एकविसाव्या स्तोत्राचा कर्ता गातो. राखणीचे काम देवाने स्वतः करण्याजोगे मानले आहे, ते हलके कसे असेल?

आता आपल्या मंडळ्यांकडे पाहू. वर्षानुवर्षे पहाटे उठून उपासनामंदिर झाडणारा आणि घंटा वाजवणारा भाऊ, खेडोपाडी पायी हिंडून घराघरांतील स्त्रियांना शास्त्र वाचून दाखवणारी बायबलबाई, मिशनच्या शाळेत थोड्या पगारावर तीस वर्षे बाराखडी शिकवणारे मास्तर, शब्बाथ शाळेत दर रविवारी लहान मुलांना गोष्टी सांगणारी बाई, आवाराचा रखवालदार. ही माणसे होती म्हणून पुष्कळ काही बिघडले नाही. जे बिघडले नाही ते वार्षिक अहवालात येत नाही. अहवालात नव्या इमारतीचा आकडा येतो, वर्गणीचा आकडा येतो, पाहुण्या वक्त्यांची नावे येतात. हे यष्टींच्या मागचे लोक म्हातारे होतात, उपासनेला येणे थांबते, हळूहळू त्यांची जागा रिकामी दिसेनाशी होते. मग एके दिवशी अंत्यविधीची सूचना येते, आणि आपण सर्व जण म्हणतो की फार चांगला मनुष्य होता.

हे शब्द त्यांच्या कानांवर पडतील तेव्हाच बोलले पाहिजेत. आणि नुसत्या शब्दांनी त्यांच्या घराचे गळते छप्पर थांबत नाही. म्हातारपणी मला टाकू नकोस, शक्ती सरली तेव्हा मला सोडू नकोस, अशी प्रार्थना एकाहत्तराव्या स्तोत्रात आहे. ती प्रार्थना देवाकडे जाते हे खरे, पण देव तिचे उत्तर बहुधा आपल्याच हातांनी देऊ इच्छितो.

म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. प्रत्येक मंडळीच्या पंचांनी एक वही करावी आणि तिच्यात आपल्या द्वारपाळांची नावे लिहावी. मंडळीसाठी ज्यांनी वीस-वीस, तीस-तीस वर्षे न दिसणारे काम केले आणि जे आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत, अशा सर्वांची. नावापुढे ते कुठे राहतात, त्यांच्याबरोबर कोण आहे, औषधपाण्याची सोय आहे की नाही, सरकारी निवृत्तिवेतन मिळते की कागद कुठे अडले आहेत, हे लिहावे. तरुण संघातील दोन-दोन मुलांनी महिन्यातून एकदा त्यांच्या घरी जावे. कागद अडले असतील तर कचेरीत खेपा घालाव्या. आजच्या मुलांना मोबाईलवर अर्ज भरता येतात. म्हाताऱ्या माणसाला तेच काम डोंगराएवढे वाटते. दान-अर्पणातून थोडी रक्कम याच कामासाठी वेगळी काढावी. आणि वर्षातून एका रविवारी ती नावे उपासनेत मोठ्याने वाचावी, ज्यांना येता येईल त्यांना समोरच्या बाकावर बसवावे.

याला मोठा निधी लागत नाही, पाहण्याची सवय लागते. क्रिकेट पाहणाऱ्या मुलांना ती सवय लवकर लावता येईल. पुढच्या वेळी सामना पाहताना त्यांना सांगावे की फलंदाजाने टोला मारला की टाळ्या वाजवा, पण मधूनमधून यष्टींच्या मागेही नजर टाका. तिथे एक जण प्रत्येक चेंडूला वाकतो आहे. आपल्या देशाकडून त्या जागी सर्वांत आधी जो वाकला, त्याचे नाव जनार्दन नवले होते, हेही त्यांना सांगावे.

आपल्यामधील राखणदारांना वेळेवर ओळखण्याची दृष्टी प्रभू आपणा सर्वांना देवो.

— मंडळीतील एक उपदेशक, माधवगंज, ग्वाल्हेर